जग बुडायला अजून वेळ आहे

रोल-प्लेइंग म्हणवणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये जग कायम बुडायच्या बेतात असतं. आभाळ तांबडंलाल झालेलं असतं, कुठल्याशा पर्वताच्या पोटात निजलेला असुर कूस बदलत असतो आणि दरबारातले म्हातारे मंत्री दाढी कुरवाळत सांगत असतात, की आता सारी भिस्त तुमच्यावर, उशीर करू नका. आपण गंभीर चेहऱ्यानं मान डोलावतो, तलवार कमरेला लावतो, आणि वेशीवर भेटलेल्या पहिल्याच माणसाची हरवलेली शेळी शोधायला निघतो. शेळी सापडते. मग शेळीवाल्याच्या मेव्हण्याचं काहीतरी काम निघतं. मग ओढ्याकाठी निळी फुलं दिसतात आणि ती कशाला लागतात हे ठाऊक नसताना आपण ती झोळी भरून खुडतो. या सगळ्या काळात प्रलय बिचारा तलाठी कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसासारखा आपला नंबर लागायची वाट बघत असतो. कुरकुरत नाही, घड्याळ बघत नाही, आत डोकावून ‘साहेब आहेत का?’ असंही विचारत नाही. पन्नाशी उलटल्यावर मला या खेळांची गोडी लागली ती बहुधा त्याच्यामुळे. इतका समजूतदार प्रलय मला त्याआधी आयुष्यात भेटला नव्हता.

मुलगा शिकायला जर्मनीला गेला तेव्हा त्यानं मोटरसायकल विकली, गिटार मित्राला दिली आणि टीव्हीखालचा तो काळा चपटा डबा मात्र तसाच ठेवून गेला. बरेच दिवस मी नुसती त्यावरची धूळ पुसत होते. मग एकदा त्यानंच व्हिडिओ कॉलवर कुठलं बटण कशाचं ते शिकवलं. सुरुवातीला माझ्या नायकाचं तोंड भिंतीकडे आणि पाय डबक्यात असत, पण हळूहळू तो माणसांत आला. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी हास्यक्लबात जातात, अष्टविनायक करून येतात, भिशीत बोलावतात. मी रात्रीची झाकपाक झाली की कंट्रोलर हातात घेते आणि नवऱ्याला सांगते, “मी जरा जग वाचवून येते.” तो वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणतो, “दूध फ्रिजमध्ये ठेव आणि मग वाचव.”

पहिला मोठा खेळ खेळले तो ‘द विचर ३’. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं तो 2015 साली काढला, आंजेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतला नायक घेऊन. हा नायक गेराल्ट, पांढऱ्या केसांचा, घोगऱ्या आवाजाचा, राक्षस मारून पोट भरणारा. त्याची मानसकन्या सिरी संकटात आहे, भुतासारखे घोडेस्वार तिच्या मागे लागले आहेत आणि त्याला तिला गाठायचं आहे. बापाच्या काळजाचं पाणी व्हावं असा प्रसंग. अशा घाईत निघालेल्या गेराल्टला अगदी पहिल्याच गावात एक म्हातारी भेटते. एका बंद झोपडीच्या दाराशी ती खोळंबलेली असते. तिचं म्हणणं एवढंच, की कुणीतरी माणूस माझा तवा मागून घेऊन गेला, तो या झोपडीत आहे, दाराला कुलूप आहे, तेवढा तवा काढून दे. युद्धानं गाव होरपळलेलं, रस्त्याकडेला माणसं झाडांना लटकलेली, आणि हिला तवा हवा. गेराल्ट मंत्राच्या एका धक्क्यानं दार मोडतो. आत प्रेत पडलेलं आहे, चुलीत जळके कागद आहेत, आणि तवा आहे लख्ख घासलेला. गेराल्ट वाकून वाकून सगळं बघतो आणि तर्क लढवतो, की कुणीतरी तव्याची काजळी खरवडून तिची शाई केली, तिनं गुप्त कागद लिहिले. एखाद्या कादंबरीला पुरेल एवढं कारस्थान त्या चार भिंतींत दडलेलं आहे. म्हातारीला त्याचं काही नाही. तवा कधी नव्हे एवढा स्वच्छ झाला, यातच तिला सगळं भरून पावतं. त्या रात्री कन्सोल बंद करून मी झोपायला गेले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, “वाचलं का जग?” मी म्हटलं, “जगाचं माहीत नाही, तवा मिळाला.”

याच खेळात ग्वेंट नावाचा पत्त्यांचा एक डाव आहे. खाणावळीचे मालक, लोहार, व्यापारी, सरदार, जो भेटेल त्याच्याशी खेळता येतो आणि जिंकलात तर त्याचं एखादं पान आपल्याला मिळतं. हा डाव इतका चटक लावणारा, की लोक अक्षरशः जगाचा अंत बाजूला सारून तो खेळतात. मुलगी जिवाच्या आकांतानं पळते आहे आणि बाप गावोगाव पत्ते कुटत हिंडतो आहे, असं हे चित्र. आमच्या वाड्यात असा एक गृहस्थ होता, त्याच्या नावानं अख्खी आळी बोटं मोडायची. गेराल्टला मात्र मी कधी नावं ठेवू शकले नाही, कारण पत्ते माझ्याच हातात होते.

‘बाल्डर्स गेट ३’ हा बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा 2023 सालचा खेळ तर याच्याही पुढे गेला. इथे संकट बाहेर नसून थेट आपल्या डोक्यात आहे. सुरुवातीलाच आपल्या डोळ्यातून मेंदूत एक अळी सोडतात, आणि थोड्याच दिवसांत आपल्या तोंडाला शुंडा फुटून आपण राक्षस होणार असं सगळे बजावतात. एखाद्यानं रक्ताच्या तपासणीचा अहवाल हातात पडल्यावर करावी तशी धावाधाव इथे करायला हवी. पण संध्याकाळ झाली की आपली टोळी शेकोटी पेटवते, कुणी गोष्ट सांगतं, कुणी कुणाच्या प्रेमात पडतं, आणि दिवस मोजायच्या भानगडीत अळी फारशी पडत नाही. या खेळात प्राण्यांशी बोलायचा एक मंत्र आहे. तो मी सकाळी तोंड धुतल्यासारखा नेमानं म्हणते, आणि मग बैल, उंदीर, पक्षी जे दिसेल त्याची विचारपूस करते. वाटेत एक पांढरा कुत्रा भेटतो, स्क्रॅच नावाचा. तो आपल्या मेलेल्या धन्याशेजारी बसून आहे आणि हा उठेल म्हणून वाट पाहतो आहे. त्याच्याशी नीट बोललं, हाताचा वास घेऊ दिला, की तो कधीतरी रात्री आपण होऊन आपल्या तळावर येतो. मग त्याला चेंडू टाकायचा आणि त्यानं तो आणून द्यायचा. याचा पुढच्या लढाईत काय फायदा, हे मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, “काही नाही गं. कुत्रा खूश होतो.” एवढं स्पष्ट कारण मला आजवर कुठल्याच मोठ्या कामासाठी कुणी दिलेलं नव्हतं.

या खेळांतल्या माणसांची खरी मोठी विद्या म्हणजे वाट बघणं. विहिरीवरच्या बाईनं एक काम सांगितलं आणि आपण ते विसरून महिनाभरानं तिकडे फिरकलो, तरी ती तिथेच उभी असते, त्याच वळणावर, घागर त्याच कमरेवर. ‘किती दिवस लावलेस?’ म्हणत नाही. पहिल्या दिवशीच्याच काळजीनं तेच वाक्य पुन्हा बोलते. खऱ्या गावांना ही शिस्त नसते. वडिलांच्या बदल्यांमुळे माझं लहानपण पाच-सहा गावांत सांडलेलं आहे, आणि प्रत्येक गाव सोडताना मला वाटायचं, की आता हे आपल्यामागे असंच थांबून राहील. एका गावच्या वाचनालयातले काका माझ्यासाठी नवं पुस्तक टेबलाच्या खणात बाजूला काढून ठेवायचे. मोठेपणी मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावी गेले, तर वाचनालयाच्या जागी मोबाइलचं दुकान होतं आणि आतल्या मुलानं मला स्क्रीनगार्ड हवा का विचारलं. आपण वळण पार केलं, की गावं लगेच आपापल्या कामाला लागतात. त्यात त्यांची चूक काहीच नाही. पण टीव्हीच्या पडद्यावर ती घागरवाली दिसते तेव्हा वाटतं, निदान एका ठिकाणी तरी आपलं नाव अजून हजेरीपटावर आहे.

वेळेचं सगळ्यात खट्याळ गणित मात्र ‘डिस्को एलिझियम’मध्ये पाहिलं. झेडए/यूएम नावाच्या, मूळच्या एस्टोनियातल्या मंडळींनी 2019 साली हा खेळ केला. एक पोलीस अधिकारी रात्रभर पिऊन एका खाणावळीच्या खोलीत जागा होतो. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, बिल्ला हरवला आहे, पिस्तूल हरवलं आहे, आणि गळ्यातला भडक टाय छताच्या पंख्याला अडकून गरागरा फिरतो आहे. तो टाय ओढून काढायला जावं, तर तब्येतीनं तोळामासा असलेला आपला नायक झटका येऊन तिथेच मरू शकतो. जग वाचवणं दूरच, इथे स्वतःचा टाय वाचवता वाचवता प्राण जातो. त्याच्या डोक्यात 24 वेगवेगळ्या वृत्ती सतत बडबड करतात: तर्क एक सांगतो, अंगातली रग दुसरंच, आणि कल्पनाशक्ती त्या टायशीही गप्पा मारते. सोबतीला किम कित्सुरागी नावाचा एक शांत, चष्मेवाला अधिकारी आहे. तो वहीत टिपणं काढतो आणि दिवसाला एकच सिगारेट ओढतो. आपण कितीही वेड्यासारखं वागलो तरी तो फक्त भुवई किंचित वर करतो. मला असा एक तरी शेजारी हवा होता.

तर या खेळात घड्याळ चालतं ते फक्त आपण कुणाशी बोलत असताना किंवा काही वाचत असताना. नुसते रस्त्यानं हिंडत राहिलात, बर्फातून इकडून तिकडे धावलात, तरी एक मिनिटही पुढे सरकत नाही. तोंड उघडलं की काटे हलायला लागतात. आपल्याकडे निरोप घेताना लोक म्हणतात, ‘बोलता बोलता वेळ कसा गेला कळलंच नाही.’ या खेळानं ते वाक्य शब्दशः मनावर घेतलेलं आहे. खरं बघितलं तर हिशोब फार चुकीचा नाही. घरात सगळे असून कुणी कुणाशी बोललं नाही, अशा संध्याकाळी मीही पाहिल्या आहेत, आणि त्या अजून संपलेल्या नाहीत.

हे झालं वाट बघणाऱ्या जगांचं. कोड्यांच्या खेळांची जात वेगळी. तिथे कुणी आपल्यासाठी खोळंबलेलं नसतं. तिथे एक उत्तर असतं, आणि ते आपल्या आधीपासून असतं. वडील दर रविवारी शब्दकोडं सोडवायला बसत. पेन्सिलीला टोक काढून, चष्मा पुसून, एखाद्या खटल्याचा निकाल लिहायचा असल्यासारखे. एखादं घर अडलं की ते चिडत नसत. ‘आहे, उत्तर आहे,’ एवढंच म्हणत. त्या म्हणण्यात एक श्रद्धा होती, जी मी त्यांना देवासमोरही इतकी ठाम पाहिली नाही. सगळ्या जगात गोंधळ असेल, बदलीची ऑर्डर ऐन परीक्षेत येईल, पण आडवा सहा आणि उभा दोन जिथे भेटतात तिथे एकच अक्षर बसतं आणि कुणीतरी ते आधी ठरवून ठेवलेलं आहे.

त्या श्रद्धेपोटी मी ‘ब्लू प्रिन्स’ घेतला. टोंडा रॉस यांनी आठेक वर्षं खपून केलेला हा खेळ 2025 साली आला. हर्बर्ट सिंक्लेअर नावाचे आजोबांच्या नात्यातले एक श्रीमंत गृहस्थ वारतात आणि आपला प्रचंड वाडा सायमन या मुलाच्या नावावर करतात, एका अटीवर. वाड्यात 45 खोल्या आहेत. त्यानं 46वी शोधून दाखवायची. गंमत अशी, की खोल्या जागच्या जागी नाहीत. प्रत्येक दारापाशी तीन नकाशे पुढे येतात आणि पलीकडे कुठली खोली असावी हे आपणच निवडतो. दिवसाला सुरुवातीला 50 पावलं मिळतात, खोलीत शिरलं की एक खर्ची पडतं. पावलं संपली, की दिवस संपला. आणि रात्रीतून सगळा वाडा पुसून कोरा होतो. ज्यांनी हा खेळ कल्पिला त्यांना कोकणातलं घर वारसाहक्कानं मिळालेलं नसावं. आमच्या राजापूरकडच्या घरात दार उघडलं की तीन नकाशे नाही, तीन चुलते निघतात. सायमनला निदान एवढं सुख आहे, की 46वी खोली सापडली तर ती सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे हे शोधायला त्याला तालुक्याला जावं लागणार नाही.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा लुकास पोप यांचा 2018 सालचा खेळ म्हणजे कोड्यांमधली वरच्या इयत्तेची परीक्षा. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज हरवतं आणि 1807 साली आपलं आपण इंग्लंडच्या फालमथ बंदराशी येऊन लागतं. वर जिवंत माणूस एकही नाही. आपण विम्याचे तपासनीस. हातात एक खिशातलं घड्याळ आहे. प्रेताजवळ ते उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण पुतळ्यासारखा थिजून समोर उभा राहतो आणि त्यात आपण हिंडू शकतो. चित्र सगळं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं. जहाजावरच्या 60 जणांपैकी कोण कोण आणि कुणाचं काय झालं, हे एका वहीत भरायचं. तीन जणांचं बरोबर जुळलं, की वही ते पक्कं करते. तोवर हूं का चूं नाही.

त्या 60 नावांत काही जणांच्या पुढे मायदेश म्हणून भारत लिहिलेलं आहे. त्यातले दोघं खलाशी प्रवासाच्या सुरुवातीलाच कडाक्याच्या थंडीत फुप्फुसाच्या आजारानं जातात. पुढे या जहाजावर समुद्रातले राक्षस येतात, बंड होतं, तोफा उडतात. त्या मानानं यांचं मरण इतकं साधं, की वहीत भरताना हात जरा रेंगाळतो. चेहऱ्यावरून त्यांना ओळखणं कठीण, म्हणून खालच्या मजल्यावर टांगलेल्या झोळ्यांवरचे क्रमांक बघायचे आणि यादीतल्या क्रमांकाशी ताडायचे. आमच्या गावात ‘बोटीवर असणं’ हा एक व्यवसायच होता. घरटी कुणीतरी बोटीवर असायचं, आणि त्याच्याबद्दल घरच्यांना ठाऊक असलेली माहिती या वहीपेक्षा जास्त नसायची: नाव, गाव, काम, आणि शेवटचं पत्र कुठल्या बंदरातून आलं ते. मी त्या दोघांच्या पुढे आजाराचं नाव भरलं, तिसरं एक नाव जुळलं आणि वहीनं तिघांवर शिक्का उठवला. वडील असते तर म्हणाले असते, ‘बघ, होतं ना उत्तर.’

उत्तर असतं, पण ते आपल्याला आवडेल असं काही नाही. ही गोष्ट मला ज्या खेळानं शिकवली तो दिसायला अगदी गोजिरवाणा आहे. ‘अनपॅकिंग’, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या विच बीमचा, 2021 सालचा. खोकी उघडायची आणि सामान नव्या घरात लावायचं, बस्स. 1997 ते 2018 या काळात एक मुलगी आठ वेळा बिऱ्हाड हलवते. ती कधीच दिसत नाही. तिच्या वस्तू तेवढ्या दिसतात. सगळी खोकी रिकामी झाली, की चुकीच्या जागी गेलेल्या वस्तूभोवती लाल रेघ उमटते. 2010 सालच्या घरात ती आपल्या मित्राकडे राहायला जाते. तिथे सगळ्या जागा त्यानं आधीच भरलेल्या आहेत. तिच्या खोक्यातून पदवीचं प्रमाणपत्र निघतं, चांगलं चौकट केलेलं. मी ते बैठकीच्या खोलीत लावून पाहिलं, झोपायच्या खोलीत पाहिलं, स्वयंपाकघरात, अगदी न्हाणीघरातही. कुठेच जागा नाही. शेवटी ते पलंगाखाली सरकवलं आणि लाल रेघ गेली. खेळाच्या लेखी कोडं सुटलं.

आमच्या आईचं बी.ए.चं प्रमाणपत्र पत्र्याच्या एका नळकांड्यात असे. प्रत्येक बदलीला ते सगळ्यात आधी बांधलं जाई आणि सगळ्यात शेवटी सोडलं जाई. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारावं लागे, आणि घरमालक रेशनवर द्यावेत तसे खिळे देत. एक घड्याळाला, एक कॅलेंडरला, एक आजोबांच्या तसबिरीला. मग आई हातात ते नळकांडं घेऊन क्षणभर चारी भिंती बघायची आणि म्हणायची, “राहू दे, ओल लागेल.” आणि ट्रंकेत गोधड्यांच्या खाली ठेवून द्यायची. आम्ही राहिलो त्या एकाही घराला ओल नव्हती. आईच्या त्या वाक्याभोवती लाल रेघ ओढणारं तेव्हा कुणी नव्हतं. मी तर ट्रंकेवर बसून पाय हलवत होते.

यानंतर ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन 33’ खेळायला घेतला तो जरा बिचकतच. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिवचा हा 2025 सालचा खेळ. ल्युमिएर नावाचं एक शहर आहे, आणि दूर समुद्रापलीकडे एक प्रचंड शिळा. दर वर्षी एक चित्रकर्ती जागी होते, शिळेवरचा जुना आकडा पुसते आणि एकानं कमी असा नवा आकडा रंगवते; त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन वाऱ्यावर उडून जातात. आता आकडा 33 वर आला आहे. माझ्या वयाच्या बाईला त्या शहरात उडून जाऊन जमाना झाला असता, तेव्हा मी हे सगळं जरा परलोकातून पाहिल्यासारखं पाहिलं. ज्यांची वेळ आली आहे ती माणसं गळ्यात फुलं घालून धक्क्यावर येतात, घरातलं सामान वाटून टाकतात, जुन्या प्रेमाचा हात हातात घेतात. हा प्रलय बाकावर बसून राहणारा नव्हे. तो ठरल्या तारखेला येतो.

आणि तरीही! ज्यांचं आयुष्य वर्षभरावर आलंय अशी ही धीरगंभीर टोळी चित्रकर्तीला थांबवायला निघते, आणि वाटेत एका किनाऱ्यावर लाकडी बाहुल्यांसारख्या प्राण्यांबरोबर व्हॉलीबॉल खेळू शकते. मी खेळवलं त्यांना. आधी वाटलं, हे शोभत नाही. मग कड्यांवर चढताना हाताला लागणाऱ्या खुंट्या दिसल्या. त्या आधीच्या मोहिमांमधल्या माणसांनी ठोकून ठेवलेल्या आहेत; ती माणसं परतली नाहीत, त्यांच्या रोजनिश्या वाटेत पडलेल्या सापडतात. जग वाचवणं त्यांच्यापैकी कुणालाच जमलं नव्हतं. दोन खुंट्या ठोकणं जमलं होतं, आणि माझा नायक त्यांनाच धरून वर चढत होता.

तेव्हापासून या खेळांबद्दल माझं एक मत झालं आहे. जग वाचवा, जग वाचवा म्हणून मंत्री ओरडतात, पण त्या जगात असतं कोण? तवा हवा असलेली म्हातारी, चेंडू आणून देणारा कुत्रा, झोळीवर नुसता क्रमांक असलेला खलाशी. ही कामं बाजूला सारून थेट शेवटच्या राक्षसाकडे गेलात, तर वाचवायला उरतं ते नुसतं आभाळ आणि डोंगर, आणि त्यांना आपली काही गरज नसते. म्हणून खेळ करणाऱ्यांनी प्रलयाला बाकावर बसवलं त्यात मला आता काही गैर दिसत नाही. आणि एखादा खेळ प्रलयाला उभा करतो, तारीख देतो, तेव्हाही मी व्हॉलीबॉल सोडत नाही.

रविवारी रात्री मुलाचा फोन येतो. ‘ब्लू प्रिन्स’मध्ये एक बैठकीची खोली आहे, तिथे टेबलावर निळी, पांढरी आणि काळी अशा तीन पेट्या असतात, प्रत्येकीवर काही विधानं लिहिलेली. नियम असा, की निदान एक पेटी निव्वळ खरं बोलते, निदान एक निव्वळ खोटं, आणि रत्नं एकाच पेटीत असतात. हे कोडं मला एव्हाना तोंड पुसता पुसता सुटतं. तरी मी पेट्या न उघडता ठेवते आणि फोनवर त्याला विधानं वाचून दाखवते. तो विचार करत राहतो आणि मधेच म्हणतो, निळी खोटं बोलतेय, आई, इथे आता चार वाजताच अंधार पडतो. मग म्हणतो, पांढरी काय म्हणते ते परत वाच. मी परत वाचते. माझ्या मते त्यालाही उत्तर कधीच आलेलं असतं. मग मी विचारते, “जेवलास का?” तो म्हणतो, “हो.” तो विचारतो, “तुझा गुडघा?” मी म्हणते, “एकदम मस्त.” दोन पेट्या झाल्या आणि दोन्ही धडधडीत खोट्या, हे आम्हा दोघांनाही कळलेलं असतं. पण निदान एकीनं तरी खरं बोलायलाच हवं, म्हणून थोड्या वेळानं तो कबूल करतो की दुपारी नुसतं पावाला लोणी लावून खाल्लं. मग मला गुडघ्याचं सांगावं लागतं. नियम म्हणजे नियम.